प्रतिसाद: रक्त परत आलं तरी धोका टळत नाही

वर एकांनी लिहिलंय की रक्तपुरवठा पूर्ववत झाला की मेंदूच्या पेशी वाचल्याच. हे अर्धंच खरं आहे. १९८२ मध्ये जपानच्या ताकाआकी किरिनो यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. मेंदूचं रक्त फक्त ५ मिनिटं रोखलं आणि पुन्हा सुरू केलं. पहिल्या दिवशी हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला आठवणी साठवायला मदत करणारा भाग) सीए-१ या पट्ट्यातल्या पेशी बऱ्यापैकी शाबूत दिसत होत्या. चौथ्या दिवसापर्यंत त्यातल्या बहुतेक मेल्या होत्या! शेजारच्या पेशी मात्र बऱ्याच टिकल्या. रक्त थांबताच ग्लुटामेट हे पेशींमधलं संदेशवाहक रसायन बेसुमार सुटतं, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि नाशाची प्रक्रिया सुरू होते. ती रक्त परतल्यावरही चालू राहते.

माणसांतही हे दिसलंय. मेंदूला काही काळ रक्त कमी पडलेल्या, 'आर. बी.' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची बुद्धी शाबूत होती, पण नव्या गोष्टी लक्षात राहत नव्हत्या. मृत्यूनंतरच्या तपासणीत मुख्य इजा नेमकी सीए-१ मध्येच सापडली (१९८६चा अहवाल).

म्हणूनच हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला रुग्ण शुद्धीवर आला नसेल, तर डॉक्टर काही दिवस ताप चढू देत नाहीत. पहिल्याच दिवशी ते ठाम अंदाजही देत नाहीत. नातेवाइकांनी त्यासाठी कृपया घाई करू नये.