मॉल: खरेदीची जागा की बसायची?

कर्वेनगरची

सरळ मुद्द्यावर येते. पुण्यातल्या मोठ्या मॉलमध्ये मी खरेदीसाठी जात नाही. दोन बायकांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरता, बसता, बोलता येईल अशी दुसरी जागा शहरात उरलेली नाही म्हणून जाते. तिथे घेतलेला कुर्ता म्हणजे त्या जागेचं भाडं. ते मी खुशीने भरते. माझ्या मैत्रिणीला हे अजिबात मान्य नाही, म्हणून हा धागा.

शनिवारी दोघी नळ स्टॉपहून मेट्रोने रामवाडीला गेलो (शनिवार-रविवार तिकिटात ३० टक्के सूट असते, लक्षात ठेवा), पुढे रिक्षा. मॉलचं नाव महत्त्वाचं नाही. आम्ही शाळेपासूनच्या, दोघीही पन्नाशीतल्या. तिच्या घरी बोलायचं तर सासूबाई हॉलमध्ये, माझ्या घरी नवरा घरून काम करतो. हॉटेलात चहा संपला की वेटर फडकं फिरवायला लागतो. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद. राहिलं काय?

परतताना ती म्हणाली, "एवढ्या पैशांत लक्ष्मी रोडवर तीन कुर्ते आले असते. दिवस फुकट गेला." फुकट कसा गेला? इतक्या निवांत आम्ही कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो.

मतं सांगा. शिव्या चालतील. दुपारी १ ते ४ वरचे विनोद चालणार नाहीत.

पेठेतली

शिव्यांपासूनच सुरुवात करते मग. अहो, मैत्रीण बरोबर असताना बाजारात बसायचं नसतंच मुळी! हिंडायचं असतं. तुळशीबागेत एकीने कानातलं उचलायचं आणि दुसरीने "शी, याचे दोनशे?" असं दुकानदाराला ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणायचं. मग पहिलीने हिरमुसल्या तोंडाने ते खाली ठेवायचं. दोन पावलं पुढे गेलात की मागून हाक येते. हे काम एकटीला जमत नाही, त्याला मुरलेली जोडी लागते. बारकोडपुढे कुणाचं तोंड हिरमुसून काय उपयोग?

पेशवाईतल्या राममंदिराभोवती वाढलेला बाजार आहे तो. भातुकलीच्या पितळी चुलीपासून नऊवारीवर घालायच्या दागिन्यांपर्यंत सगळं हाताला लागतं. सप्टेंबर २०२४ पासून शेजारच्या मंडईला भुयारी मेट्रो थांबते, त्यामुळे पार्किंगचं रडगाणंही संपलं. दमलात तर श्रीकृष्ण भुवनची मिसळ आहे. तुम्ही एसीत बसून गप्पा मारल्यात, वर बिलं फाडलीत, आणि आता त्याला भाडं म्हणताय.

कर्वेनगरची

@पेठेतली, चला, मिसळ खाल्ली. वर दोन ग्लास पाणी प्यायलं. आता जायचं कुठे ते सांगा.

हसण्यावारी नेऊ नका. बायकांसाठी रस्तोरस्ती स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहं हवीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना सांगितलं. ती याचिका आपल्या पुण्यातूनच गेली होती, 'मिळून साऱ्याजणी' मासिकाची. पुढे पीएमपीच्या जुन्या बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली, त्यांचं कौतुकही झालं. आणि आज लक्ष्मी रोडवर दिवसभराच्या खरेदीला निघालेली बाई काय करते? घरून निघताना पाणी पीत नाही. अगदीच वेळ आली तर सराफाच्या दुकानात शिरते, अंगठ्या बघितल्यासारखं करते आणि काउंटरवरच्या मुलीला हळूच विचारते. मी केलंय हे. माझ्या आईनेही केलंय. मॉलमध्ये दर मजल्यावर पाटी असते आणि कुणाला विचारावं लागत नाही. माझ्या वयात याची किंमत कळते.

पेठेतली

हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण भांडायचं तर महापालिकेशी भांडा. पूर्वेच्या टोकाला पळून जाण्यात कसला आलाय शहाणपणा?

हडपसरकर

पूर्वेच्या टोकाला आम्ही राहतो हो. अमनोरा आणि सीझन्स हे दोन मॉल समोरासमोर आहेत. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोन्हीकडे जात नाही. घरी बसतो.

चिंचवडकर

भावना बाजूला ठेवून हिशेब बघू. बायकोबरोबर मॉलमध्ये माझं काम पिशव्या धरणं आणि बिल वाचणं. त्यातलं दुसरं मी मन लावून करतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवरचा जीएसटी बदलला. नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे १८. म्हणजे कर सोडून २,५०० चा कपडा २,६२५ ला पडतो आणि २,५०१ चा २,९५१ ला. मूळ किंमत एका रुपयाने वाढली की खिशातून सव्वातीनशे जास्त. एकाच रॅकवरच्या दोन सारख्या कुर्त्यांच्या किमतीत एवढी उडी का, याचं उत्तर कधीकधी इथे असतं. दर ठरतो तो प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर, त्यामुळे सवलतीनंतर किंमत रेषेखाली आली तर करही उतरायला हवा. आणि छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. एमआरपीवर वेगळा जीएसटी लावला तर तिथेच विचारायचं.

'दोनावर दोन फ्री' मध्ये चौथा कपडा नेहमी असा असतो की तो कुणीच घालत नाही. आमच्याकडे अशा चौथ्या कपड्यांचा एक कप्पा आहे.

पिशवीचं तर बोलूच नका. दुकानाचं नाव छापलेली पिशवी, ती आपण मिरवायची आणि वर पैसेही आपणच द्यायचे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाच्या प्रकरणात, आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे मागणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. मी घरून कापडी पिशवी नेतो, पण ती सुरक्षावाले दारात सील करतात.

थोडक्यात, कर्वेनगरची यांचं 'भाडं' जरा महाग पडतंय.

कर्वेनगरची

हिशेब पटला, निष्कर्ष नाही. तुम्ही पुरुष टपरीवर कटिंगवर तासभर उभे राहता, पारावर बसता, त्याचा हिशेब कोण मागतं? तुमच्या जागेला भाडं नाही म्हणून आमचं महाग वाटतं.

नकाशेवाला

वास्तुकला शिकतो, त्यामुळे थोडं लांबण लावणार. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित असा पहिला मॉल १९५६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या साउथडेलला उभा राहिला. तो रचणारा व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाहून गेलेला. गाडीतून न उतरणाऱ्या अमेरिकनांना व्हिएन्नासारखा चौक द्यायचा, भोवती घरं, शाळा, दवाखाने असावेत, असं त्याच्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात भोवती झालं पार्किंग. म्हातारपणी त्याने या मॉलांशी आपलं नातं नाकारलं.

म्हणजे 'बसायची जागा' ही कल्पना मॉलच्या जन्मातच आहे, धागाकर्तीने ती बरोबर पकडलीय. पण ही जागा सगळ्यांची नाही. दारात धातूशोधक चौकट आहे, रखवालदार आहे. सिग्नलला पेन विकणारी मुलगी तिथे बसू शकते का? बाहेरचा डबा उघडून खाता येतो का? बाकडी मोजकी असतात, कारण बसलेलं गिऱ्हाईक खरेदी करत नाही. पाय दुखले की कॉफी घ्यायची, मग खुर्ची मिळते.

११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद करते आणि पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी जाऊन बघा. रस्त्यावर बाकडी, रांगोळ्या, मधोमध चालणारी म्हातारी माणसं. हे वर्षातून एक दिवस जमतं तर दर रविवारी का नको? मॉलची तारीफ करण्यापेक्षा हे मागा.

कर्वेनगरची

मागते की. सही कुठे करायची सांगा. पण तुमचा दर रविवार उजाडेपर्यंत माझे गुडघे कुठे बसवू?

पेठेतली

दर रविवारी रस्ता बंद केलात तर दुकानदार तुम्हाला बाकड्यासकट उचलून नेतील. गंमत नाही, आमच्या घरातच एक दुकानदार आहे.

बिलिंग काउंटर

इथे सगळे गिऱ्हाईक बोलतायत, म्हणून लिहिते. मी एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात आहे. कुठल्या ते सांगत नाही. गाव बार्शीकडचं, इथे वडगाव शेरीत चौघी मिळून खोली घेतलीय.

ताई म्हणतात मॉलमध्ये बसायला मिळतं. आम्हाला मिळत नाही. दुकानात स्टूल नाही. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, कॅमेऱ्यात बसलेलं दिसलं की मॅनेजरचा फोन. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला सोय द्यायची असा कायदा केला, हे मला मोबाईलवर कळलं. मैत्रिणींना दाखवलं तर त्यांना खोटंच वाटलं. बसण्यासाठी कायदा लागतो यावर कुणाचा विश्वास बसेल?

शनिवार-रविवार आम्हाला सुट्टी मागताच येत नाही. आपल्याकडच्या २०१७ च्या कायद्याने दुकान वर्षभर रोज उघडं ठेवता येतं, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यात एक सुट्टी द्यावी लागते. ती मला मंगळवारी मिळते. आम्ही आत येतो ते मागच्या दाराने, बॅग तपासून. तुमच्यासाठी दर मजल्यावर पाटी आहे ना, तिथे जायला आम्हाला काउंटर सोडताना कुणाला तरी उभं करावं लागतं. गर्दीच्या दिवशी कुणी रिकामं नसतं. तुम्ही लक्ष्मी रोडवर पाणी पीत नाही, आम्ही मॉलमध्ये पीत नाही.

आणि ट्रायल रूममधून बारा कपडे तसेच टाकून जाणाऱ्या मैत्रिणींच्या जोड्यांबद्दल मी काही बोलत नाही.

पण ताईंचं एक मला पटतं. मंगळवारी मी आणि खोलीतली मैत्रीण कुठे जातो माहितेय? दुसऱ्या मॉलमध्ये. काही घेत नाही. सरकत्या जिन्यावरून वर जातो, खाली येतो, एसी खातो, फोटो काढतो. खोलीवर पंखा आहे, पण तिथे चौघी आहेत. गावच्या बाजारात दोन मुली उगीच फिरताना दिसल्या तर संध्याकाळपर्यंत घरी कळतं. इथे कुणी विचारत नाही. भाडं मात्र आम्ही भरत नाही, आणि आजवर कुणी मागितलंही नाही.

नकाशेवाला

@बिलिंग काउंटर, स्टूलचं तुम्ही लिहिल्यावर माझी बाकडी जरा फिकी पडली. दुकानांच्या आराखड्यात काउंटरमागे बसायची जागा आम्ही काढतच नाही, कुणी मागतही नाही.

चिंचवडकर

@बिलिंग काउंटर, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करावं लागलं तर बदली रजेचं लेखी घ्या. तोंडी बोलण्यावर राहू नका.

शनिवारची मैत्रीण

मीच ती. हिने धाग्याचा दुवा मलाच पाठवला, वर "वाच, सगळे माझ्या बाजूने आहेत" असंही लिहिलं. दिसतंय ते.

कुर्ता महाग की स्वस्त हा माझा मुद्दा नव्हताच. मेट्रोत गर्दी होती, तिथे खरं बोलता आलं नाही. हिच्या हातात तीन पिशव्या होत्या, माझ्या हातात एक, आणि त्यातही मुलीची बॅग. ती मी घेतली कारण हिने एवढं घेतल्यावर आपण काहीच न घेणं बरं दिसत नाही. कॉफीचे पैसे हिने दिले. मग जेवणाचे मी दिले, कारण कॉफीचे हिने दिले होते. चिंचवडकरांनी त्याचाही हिशेब करावा.

तुळशीबागेत असं होत नाही. तिथे पन्नास रुपयांची क्लिप घेऊनही दोन तास हिंडता येतं आणि कुणाची पिशवी किती मोठी हे दिसत नाही. पेठेतलींनी भाव करण्याचं वर्णन केलंय, त्यात हिरमुसल्या तोंडाचं काम माझं असायचं, शाळेपासून. मॉलमध्ये मला ते काम नाही. तिथे मी नुसती बरोबर असते.

भाडं म्हणायचं असेल तर म्हण. पण जागा दोघींसाठी आणि दर तुझ्या खिशाने ठरतो, हे मला चालणार नाही. बिलिंग काउंटरच्या त्या दोघी बघ, काही न घेता जिन्यावरून वर-खाली. तसं तुला जमेल का? मला जमेल.

कर्वेनगरची

जमणार नाही, हे तुलाही माहीत आहे. दुकानाच्या काचेपुढून मी रिकाम्या हाताने कधी गेलेय?

पण जेवणाचे पैसे तू का दिलेस हे मला कळायला हवं होतं असं जर तुझं म्हणणं असेल, तर ते इथे दीडशे लोकांपुढे नाही, फोनवर बोलू. आणि तुळशीबागेच्या स्वच्छतागृहाचं उत्तर तू अजूनही दिलेलं नाहीस.

शनिवारची मैत्रीण

मंडईच्या मेट्रो स्टेशनात आहे. खाली उतरायचं, लिफ्टही आहे. आता बोल.