भूविज्ञानात पीएचडी की बोगद्यावर नोकरी? माझं मत नोकरीला

घोडबंदरी
आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने पुण्यातून भूविज्ञानात एम.एस्सी. केलं. आता तिच्या हातात दोन पत्रं आहेत. एक बोगद्यांची कामं करणाऱ्या सल्लागार कंपनीचं, साइट ठाण्यातच. दुसरं पीएचडीच्या प्रवेशाचं. घरात दोन तट पडलेत आणि मी याच धंद्यातला म्हणून मला मध्यस्थीला बोलावलं. तिथे जे बोललो तेच इथे मांडतो. पटलं नाही तर भांडा.

नोकरी घ्यावी. ठाण्याच्या आसपास इतका खडक एका वेळी आजवर कधी फोडला गेलेला नाही. ठाणे-बोरिवली जुळा मार्ग ११.८ किलोमीटरचा, त्यातला बहुतेक राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा बोगदा २१ किलोमीटर, त्यातले ७ खाडीखालून. एरवी ठाणेकराला बोगदा म्हटलं की १९१६ चा पारसिक तेवढा आठवतो. ती प्रबंध बांधून बाहेर येईल तोवर यातलं बरंचसं काम काँक्रीटच्या अस्तराआड गेलेलं असेल. तो खडक पुन्हा कोणाला दिसायचा नाही.

आता पैसा. नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) असेल तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. वाईट नाही. पण जेआरएफ नसेल तर घरच्यांच्या जिवावर. आणि पुढे काय? जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात) भूवैज्ञानिक व्हायला यूपीएससीची परीक्षा आहे, तिला एम.एस्सी. पुरते आणि वयाची अट ३२. सहायक प्राध्यापकासाठी यूजीसीने २०२३ पासून पीएचडी ऐच्छिक केली, नेट-सेट चालतं. ज्या दारांसाठी लोक पाच वर्षं घालवतात ती तशीही उघडी आहेत. उलट रखडत रखडत बत्तीस ओलांडलं तर त्यातलं एक बंद होतं.

पवईचा_पाहुणा
ऐरोलीत राहतो, पवईत पीएचडी करतोय, तेव्हा मी पक्षपाती आहेच.

काका, टीबीएमवर, म्हणजे बोगदा कोरणाऱ्या मशीनवर, खडक दिसतो कुठे? पुढे कटरहेड (खडक कापणारं तोंड), मागे सेगमेंट (अस्तराचे काँक्रीटचे तुकडे). कटर बदलायला मशीन थांबलं तर आत डोकावायचं, नाहीतर पट्ट्यावरून येणारा चुरा बघून अंदाज बांधायचे. फेस, म्हणजे खोदकामाचं समोरचं उघडं तोंड, रोजच्या रोज दिसतो तो ब्लास्टिंगने काढलेल्या भागात. बुलेट ट्रेनमध्ये असा भाग घणसोली ते शिळफाटा, जेमतेम ५ किलोमीटर, आणि तो खोदूनही झाला.

नव्या पोरीला खरं काम मिळणार ते कोअर बॉक्ससमोर, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांच्या पेटीसमोर. टेप घेऊन दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करायची, ड्रिलच्या लांबीने भागायची, झाला आरक्यूडी, खडक किती अखंड त्याचा टक्का. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये याची काय गंमत होते ते तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहितो. घट्ट काळा बेसॉल्ट ताकदीला भक्कम, पण त्याला सांधे (नैसर्गिक भेगा) फार, म्हणून कोअर तुकड्यातुकड्यांत निघतो आणि आरक्यूडी पडतो. अमिग्डलॉइडल, म्हणजे पोकळ्यांत झिओलाइट वगैरे खनिजं भरलेला बेसॉल्ट ताकदीला उणा, पण त्याला सांधे जवळपास नसतातच. कोअर अखंड येतो, आरक्यूडी नव्वदच्या वर. त्यातले काही प्रकार उघडे पडले की भुसभुशीत होऊ लागतात. म्हणजे कागदावर जो खडक उत्तम, तोच छताला धोका. या आकड्यात कुठे, किती दुरुस्ती करायची हे शोधायला कोणीतरी काही वर्षं बसायला हवं. साइटवर ती फुरसत कोणाला आहे?

घोडबंदरी
हे कोयनेच्या कामांपासून साइटवरच्या माणसांना माहीत आहे. ते कळायला पीएचडी लागली नाही.

पवईचा_पाहुणा
माहीत आहे, पण रिपोर्टात काय लिहिता? तक्त्यातलाच आकडा ना? खडकाला गुण देण्याच्या पद्धती दोन. आरएमआर १९७३ चं, दक्षिण आफ्रिकेत बसवलेलं. क्यू पद्धत १९७४ ची, नॉर्वेतली. दोन्हींच्या मुळाशी आपला बेसॉल्ट, लाल बोल (लाव्हाच्या थरांमधली लाल माती), ब्रेशिया (तुकडे चिकटून झालेला खडक) यातलं काही नाही. आणि क्यूवाले बार्टन लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून १९७१ ला खडकाच्या सांध्यांवर पीएचडी करून बाहेर पडले होते. ज्या तक्त्याखाली तुम्ही रोज सही करता तो एका पीएचडीवाल्याचा आहे.

घोडबंदरी
आणि बार्टननी तो प्रयोगशाळेत बसून नाही केला. दोनशेच्या वर प्रत्यक्ष खोदकामांच्या नोंदींवरून बसवला. त्या नोंदी कोणी ठेवल्या? साइटवरच्यांनी. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभारी आहे.

मकडंपर
मी ठेकेदाराकडचा, सिव्हिल. ब्लास्टचा धूर निघाला, लूज (सुटलेला खडक) काढून झाला की लगेच सपोर्ट क्लास लागतो. बोल्ट किती अंतरावर, शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) किती जाड. तिथे "अजून अभ्यास व्हायला हवा" म्हणणारा माणूस घेऊन काय करू? एक डॉक्टरसाहेब आमच्याकडे होते. फेसचे फोटो मात्र सुंदर काढायचे.

तीन_पेट्रोल_पंप
+१. फोटोवाले सगळीकडे असतात. 😂

हेल्मेटवाली
त्या मुलीला साइटवर नक्की काय काम देणार, हे कोणी विचारलं का? बोगद्यात बाई नको हा समज मुकादमापासून मॅनेजरपर्यंत अजून आहे. खाणींत तर २०१९ पर्यंत कायद्यानेच बाईला जमिनीखाली काम करायला बंदी होती. बोगद्यांना तो कायदा लागू नव्हता, पण डोकी तीच. मला नव्या मुंबईतल्या ऑफिसात रिपोर्ट जुळवायला बसवलं होतं. सहकारी फेस मॅपिंग करून यायचा आणि मी त्याचं गिचमिड अक्षर लावायची. शेवटी नोकरी सोडली, डाइकवर (खडकाच्या भेगेत घुसून गोठलेल्या लाव्हाच्या भिंतींवर) पीएचडी केली. आता फेसवर बोलावणं येतं, कारण नावाआधी डॉक्टर आहे आणि सहीला वजन आहे. हे असं असावं असं माझं म्हणणं नाही. पण घोडबंदरीकाकांच्या "दारं तशीही उघडी आहेत" या हिशोबात हे दार कुठे बसतं?

मकडंपर
ताई, आमच्याकडे दोन मुली आहेत. फेसवर जातात.

हेल्मेटवाली
रात्रपाळीला? आणि टॉयलेट कुठे आहे त्यांच्यासाठी?

मकडंपर
पोर्टलवर, बोगद्याच्या तोंडाशी.

हेल्मेटवाली
आणि फेस पोर्टलपासून किती आत?

मकडंपर
दीड किलोमीटर. मुद्दा कळला.

डोंबिवली_ते_डकोटा
उशिरा आलो, इथे आत्ता सकाळ आहे. मी अमेरिकेत रॅपिड सिटीत पीएचडी करतोय, पदवीचं नावच जिऑलॉजी अँड जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग. घरी आईला अजून कळलेलं नाही की मी दगड बघतो की पूल बांधतो.

भारतात मला जाचलं ते हे की भूविज्ञानवाल्याला सिव्हिलवाले इंजिनिअर मानत नाहीत आणि सिव्हिलवाल्याला फॉल्ट (खडक सरकलेली भेग) आणि डाइक यातला फरक सांगायला लागतो. मग एक रिपोर्ट दोघं लिहितात आणि मधली जबाबदारी कोणाचीच नसते. इथे दोन्ही एका छपराखाली शिकतो: सकाळी उताराच्या स्थैर्याचं गणित, दुपारी ब्लॅक हिल्सच्या खडकांचं मॅपिंग. तासाभरावर लीड गावात होमस्टेक ही सोन्याची खाण आहे, २००२ मध्ये बंद झालेली. तिथे ४,८५० फूट खोलीवर न्यूट्रिनोच्या प्रयोगासाठी प्रचंड दालनं खोदली, ८ लाख टन खडक बाहेर काढला. त्या खोलीवर दालन उभं राहील का, हा प्रश्न एकट्या भूविज्ञानाचाही नाही आणि एकट्या इंजिनिअरिंगचाही नाही.

मात्र स्वप्नं विकत नाही. फी माफ आणि वर पगार, हे असिस्टंटशिप असेल तोवर. ती बऱ्याचदा गाइडच्या प्रोजेक्टच्या पैशातून येते. प्रोजेक्ट संपलं की धावाधाव. प्रवेशपत्रात किती वर्षांचा खर्च लिहिलाय ते आधी बघावं, मग बॅग भरावी. आणि इथे सहीला वजन लायसन्सने येतं, डॉक्टरेटने नाही. आपल्याकडे भूवैज्ञानिकाला तसं लायसन्स नाही म्हणून पदवीवर वजन काढतात, हेल्मेटवाली म्हणतात तसं.

निवृत्त_हातोडा
सगळे बोगद्यातच अडकलात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पनवेलहून तासाभराची वाट. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं. बोगद्याला क्लायंट असतो, बिल निघतं. डोंगरउताराला क्लायंट नसतो. मुंब्रा बायपासला, पारसिकच्या पायथ्याला जी वस्ती आहे तिच्या वरचा उतार कोण मोजणार? कोणती सल्लागार कंपनी फुकट बोअरहोल (तपासणीचं खोल भोक) मारणार?

आणि हा भाग साधा नाही. दख्खनचे लाव्हाचे थर जवळपास आडवे, असं शाळेत शिकवतात. पनवेलजवळ ते पश्चिमेला चांगलेच झुकतात. पनवेल फ्लेक्शर (वाकण) हे नाव भूवैज्ञानिक ऑडेननी १९४९ मध्ये दिलं, जगभरच्या शोधनिबंधांत ते येतं आणि पनवेलच्या लोकांना त्याचा पत्ता नाही. त्या झुकावाचा, डाइकचा आणि पावसाच्या पाण्याचा दरडींशी काय संबंध, हा पीएचडीचा विषय आहे. ठाण्याच्या मुलीने करायचा नाही तर कोणी करायचा?

घोडबंदरी
साहेब, आदर आहे. पण माळीण २०१४ ला गेलं, दीडशेच्या वर माणसं. त्यानंतर अहवाल कमी झाले का? प्रबंध लिहून झाला असता तरी इर्शाळवाडीतलं एक तरी घर खाली आलं असतं? गाव हलवणं महसूल खात्याच्या हातात असतं.

निवृत्त_हातोडा
यादीत नाव असतं तर निदान पावसाळ्यात लोकांना खाली आणायला कारण मिळालं असतं. यादी बनवायला उतार ओळखणारा माणूस लागतो. तहसीलदार ते करू शकत नाही, आणि त्याने करूही नये.

तासिका_तत्त्व
मी पीएचडी झालेला आहे. तासाच्या हिशोबाने दोन कॉलेजांत शिकवतो, एक कल्याणच्या पलीकडे. सुट्टीत पगार नाही. एवढंच सांगायचं होतं. उतार ओळखता येतो मला, साहेब.

निवृत्त_हातोडा
व्यनि करतो.

पवईचा_पाहुणा
मधला मार्ग आहे की. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडी चालते, नोकरीच्या ठिकाणाहून एनओसी लागते. किमान ३ वर्षं, कमाल ६. तिने साइट घ्यावी, वर्षभराने अर्धवेळ नोंदणी करावी आणि आरक्यूडीचाच विषय घ्यावा. कोअर समोर असतील. मला माझ्या प्रबंधासाठी कोअर मागायला किती ठिकाणी फिरावं लागलं ते मलाच माहीत. मिळाले तेही प्रकल्प संपून शेडबाहेर पावसात पडलेले. पेट्यांवरची खोली पुसली गेलेली.

घोडबंदरी
हे मला पटतं. फक्त एक अडचण: एनओसी मिळेल, डेटा मिळणार नाही. बोअरहोल लॉगवर, म्हणजे भोकांतल्या खडकाच्या नोंदींवर, गोपनीयतेचं कलम असतं. मी स्वतः तिच्या जागी असतो तरी छापायला परवानगी आणू शकलो नसतो.

पवईचा_पाहुणा
मग तुमचे ते दोनशे बोगदे नॉर्वेत छापून आले आणि आपले गोदामात सडतात, याला जबाबदार कोण, साइटवरचे की आम्ही?

घोडबंदरी
क्लायंट.

हेल्मेटवाली
तिला सांगा, जॉइन होण्याआधी ऑफर लेटरमध्ये दोन ओळी घालून घे. फेस मॅपिंगची जबाबदारी आणि संशोधनासाठी डेटा वापरायची परवानगी, प्रकल्पाचं नाव न देता. नवीन माणसाचं ऐकत नाहीत हे खरं. पण काय उत्तर देतात त्यावरून कंपनी कळते. नाही म्हणाले तर पीएचडीचं पत्र आहेच, त्याची मुदत तेवढी बघून ठेवा.

घोडबंदरी
मुदत महिनाअखेर आहे. विचारायला सांगतो. तरी माझं मत नोकरीलाच.