मॉरिस मायनरच्या मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइल

एकाने विचारलंय की मायनर १००० (जुनी ब्रिटिश मोटार) च्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या आसाच्या घरात, अर्धा लिटर ऑइल ओतलं, पण ते अजून लेव्हलच्या भोकापर्यंत आलं नाही. रिकाम्या अ‍ॅक्सलला साधारण ०.८५ लिटर लागतं, त्यामुळे त्यात नवल नाही. ग्रेड हायपॉइड ईपी ९० (अ‍ॅक्सलच्या गिअरसाठीचं घट्ट ऑइल). (गिअरबॉक्समध्ये मात्र हे घालू नका, तिथे इंजिन ऑइलच.)

फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) डिफरन्शियलच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर गिअरच्या भागाच्या, मागच्या बाजूला असतो आणि तोच लेव्हल प्लग, म्हणजे ऑइल त्या भोकापर्यंत हवं. गाडी सपाट हवी. फक्त मागून जॅक लावला तर लेव्हल चुकते. जुनं ऑइल काढायचं असेल तर आधी फिलर प्लग सुटतोय ना ते बघा, मगच खालचा ड्रेन प्लग काढा. नाहीतर ऑइल गेलं आणि फिलर जाम, अशी पंचाईत होते. थोडी चालवून आणलेल्या गाडीचं ऑइल नीट निथळतं. त्यात बारीक राखाडी चिखल दिसला तर चालेल, धातूचे तुकडे नकोत.

नळीच्या बाटलीने सावकाश भरा. ऑइल घट्ट असतं, म्हणून थांबून पुन्हा घाला. भोकातून ओघळलं की जास्तीचं गळू द्या, मगच प्लग लावा. जास्त भरलं किंवा ब्रीदर (अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर जायचं छिद्र) तुंबला तर ऑइल चाकाकडचं सील ओलांडून ब्रेक ड्रममध्ये उतरतं, आणि ब्रेकचे लायनर बदलावे लागतात.