नियम बदलला तेव्हा तुमचं काय झालं?

गेल्या दोन-तीन वर्षांत किती बदल झाले बघा. १ जुलै २०२४ला दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर फिरले, २१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या. घोषणा सगळ्यांना दिसतात. पण कागद कुठे अडतो, काउंटरवर काय ऐकावं लागतं, हे ज्याच्यावर वेळ आली तोच सांगू शकतो. दुबळ्या बाजूसाठी केलेला नियम त्याला वेळेत कळला आणि हातात पुरावा असला तरच कामाला येतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. फॉरवर्ड नकोत, स्वतःचं काय झालं ते लिहा.

जॉबवर्क करणारा

आमचं छोटं मशीनशॉप आहे. टर्निंग-मिलिंगचं काम, गिऱ्हाइकं मोठ्या कंपन्या. पैसे तीन महिन्यांनी आले तरी आम्ही समाधान मानायचो. मग प्राप्तिकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत चुकली, तर करासाठी तो खर्च ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी धरला जातो, म्हणजे तोवर गिऱ्हाइकाचाच कर वाढतो.

मुदत काही नवी नव्हती. २००६च्या एमएसएमई कायद्यात ती होतीच, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही होतं. पण आपल्याच गिऱ्हाइकाकडे व्याज मागून पुढची ऑर्डर कोण घालवेल? आता घाई त्यांच्याच सीएला झाली, हा खरा फरक. मार्च २०२४मध्ये अकाउंट्समधून स्वतःहून फोन आला, ‘उद्यमचं सर्टिफिकेट पाठवा.’ (म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचा दाखला.) जुनी थकलेली बिलं निघाली. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने मात्र उद्यम नोंदणी रद्द करा, तरच काम देतो असं सांगितलं. मी रद्द केली नाही. ते काम गेलं, आणि त्याचा राग अजून आहे.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, माल स्वीकारल्यापासून मोजतात. मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी द्यावी लागते. दिली नाही तर माल पोचला तोच दिवस धरतात. त्यामुळे चलनाच्या आमच्या प्रतीवर गेटचा शिक्का, तारीख आणि सही पडल्याशिवाय आमचा टेम्पो आता परत निघत नाही.

होलसेलर

वरच्या दादांना मिळालं ते आम्हाला नाही. आमचीही उद्यम नोंदणी आहे, पण व्यापाऱ्यांना ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती (बँकांनी ठरावीक क्षेत्रांना द्यायचं कर्ज), पैसे मिळण्याच्या मुदतीसाठी नाही. उधारी आमचीही तितकीच अडकते. हा भेद मला पटत नाही.

मेडिकल दुकानदार

२२ सप्टेंबरला बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. पाकिटावर जुनी एमआरपी, बिल नव्या दराचं. बाजारात गेलेला माल परत बोलावून लेबल बदलण्याची सक्ती कंपन्यांवर नव्हती, सुधारित दरपत्रक दिलं की झालं. म्हणजे समजावणं आमच्याकडे. ‘कमी का लावलंत, माल जुना आहे का?’ असं एका आजींनी विचारलं, तेव्हा स्ट्रिप उलटी करून एक्सपायरी वाचून दाखवली. औषध स्वस्त झालं याचा आनंदच आहे. पण १२ टक्के भरून घेतलेल्या मालाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला, विक्रीच्या करातून वजा होणारा जीएसटी) लेजरमध्ये पडून राहतं. दर बदलल्यामुळे साचलेल्या क्रेडिटचा रिफंड मिळत नाही, पुढच्या विक्रीत जिरवावं लागतं. छोट्या दुकानाचं भांडवल त्यात अडकतं.

रात्रीच्या बसने जाणारी

प्रवासात बॅग चोरीला गेली. उतरले तिथल्या ठाण्यात ‘चोरी आमच्या हद्दीत नाही’ हेच उत्तर. न्याय संहितेबरोबरच आलेल्या, पोलीस आणि कोर्टाची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ शांतपणे सांगितलं: हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती नोंदवून घ्यावी लागते. नोंद झाली, प्रतही तिथेच मोफत मिळाली.

दोन भावांतली धाकटी

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. ठेवींसाठी टक्केवारी ठरवता येते किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो. लॉकरला फक्त क्रमच. बाबांच्या एफडीवर थोरल्या दादाचं एकट्याचं नाव होतं, तेव्हा पर्यायच नव्हता. आता आई आणि आम्ही तिघं भावंडं, टक्के लिहून. घरात बरीच चर्चा झाली, पण बाबा समोर बसलेले असताना झाली हे महत्त्वाचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे घेतो, हेही तेव्हाच सगळ्यांना सांगून टाकलं.

करारावरची नोकरी

नव्या कामगार संहितांमुळे ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी आहे, पूर्वी पाच वर्षं लागायची. नेमणूकपत्रही सक्तीचं झालं. पत्र मला मिळालं. पण करार अकरा महिन्यांचा, आणि नव्याने करताना मध्ये काही दिवसांचा खंड. वर्ष भरायचं कसं? तुमच्यापैकी कोणाच्या कंपनीत हा खंड बंद झाला असेल, तर कसा झाला ते कृपया सविस्तर लिहा.