ट्रेलरमधल्या बेडची फळी मधोमध दबलीय, वरून पाऊण इंची प्लाय टाकला तर चालेल का?

कोलंबसकर
नमस्कार मंडळी, आम्ही एक सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, २४ फुटी, पुढे हिचच्या (गाडीला जोडायच्या जोडाच्या) बाजूला क्वीन बेड आणि मागे पोरांचे बंक. जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत, त्यांना घेऊन मिशिगनचा अप्पर पेनिन्सुला फिरायचा बेत आहे आणि पुढचा बेड त्यांना द्यायचाय म्हणून परवा गादी काढून बघितलं तर खालचा प्लाय मधोमध चांगलाच झोळ पडल्यासारखा दबलाय. प्लाय आहे ३/८ इंच, त्याखाली २ बाय २ च्या दोनच पट्ट्या आणि त्याही स्टेपल मारून बसवलेल्या, त्यातले निम्मे स्टेपल सुटून वर आलेत. बेड उशाकडच्या बिजागरीवर उचलला जातो आणि खाली स्टोरेज आहे, डाव्या कोपऱ्यात पाण्याचा पंप आणि पाइप. गॅस स्ट्रट (फळी उचलून धरणारे दाबाच्या गॅसचे दांडे) जिथे फळीला लावलेत तिथे स्क्रूची भोकं मोठी झालीत.

माझ्या डोक्यात असं आहे की होम डेपोतून पाऊण इंची प्लाय आणायचा आणि सरळ आहे त्यावर ठोकायचा. शिवाय गादी ६० बाय ७५ ची आहे, तर फळी पायाकडे ५ इंच वाढवून घरातल्यासारखी ८० इंची गादी बसवावी का? बाबा पाच फूट दहा इंच आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि बेड जमिनीपासून बराच उंच आहे, तेही एक बघायचंय. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

लेकसाइड_भटक्या
दादा, थांबा, पाऊण इंची प्लाय आणू नका. तुमच्या मापाच्या फळीला तो साधारण ७० पाउंड भरेल आणि तुमचा बेड पुढे आहे म्हणजे त्यातलं बरंचसं वजन थेट टंगवर, म्हणजे हिचला जोडणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर येणार. टंग वेट ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत हवं आणि गाडीच्या हिचची मर्यादा वेगळी, ते दोन्ही आकडे स्टिकरवर बघून मगच वजन वाढवायचा विचार करा. वर आणि ७० पाउंडाची फळी अधिक गादी उचलायला आत्ताचे स्ट्रट पुरणार नाहीत ते वेगळंच.

आणि प्लायवर प्लाय नुसता स्क्रूने ठोकला तर दोघांचा ताठपणा फक्त बेरजेने वाढतो. सारख्या जाडीचे दोन प्लाय पूर्ण पृष्ठभागावर ग्लू लावून एकजीव केले तर आठपट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात जातो, पण आधीच वाकलेल्या फळीवर तुम्ही ते चिकटवलंत तर बाक तसाच कायमचा बसेल. त्यामुळे जुनी फळी काढाच.

खरी अडचण जाडीची नाहीये, ६० इंचाचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) मध्ये कुठल्याही आधाराशिवाय मोकळा सोडलाय ही आहे. मधोमध एक आधार दिला की गाळा ३० इंचाचा होतो आणि तेवढ्याच भाराखाली वाक साधारण सोळावा हिस्सा उरतो, म्हणजे जी गोष्ट तुम्ही ७० पाउंड वाहून मिळवायला बघताय ती एका हलक्या उभ्या फळीने मिळते. मी सांगतो ते असं करा, अर्धा इंची नवीन प्लाय घ्या (साधारण ४५ पाउंड), त्याच्या खाली डावीकडून उजवीकडे १ बाय ३ च्या पट्ट्या उभ्या कडेवर ग्लू आणि स्क्रूने लावा, १५-१६ इंचांवर एक. १ बाय ३ म्हणजे प्रत्यक्षात पाऊण बाय अडीच इंच, ती उभी लावली तर तुमच्या २ बाय २ पेक्षा (तीही प्रत्यक्षात दीड बाय दीड इंच) सव्वादोन पटीहून जास्त ताठ आणि लाकूड मात्र कमी लागतं. पट्ट्यांची टोकं बेडखालच्या स्टोरेजच्या खोक्याच्या बाजूच्या भिंतींच्या आत थोडी आखूड ठेवा म्हणजे फळी नीट बंद होईल.

मग खोक्यात उशाकडून पायाकडे एक मधली भिंत उभी करा, तिची वरची कड बाजूच्या भिंतींपेक्षा बरोब्बर अडीच इंच खाली, म्हणजे पट्ट्या तिच्यावर टेकतील. ती फळीला जोडायची नाही, फक्त टेकायची, वरच्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवा नाहीतर रात्रभर कुरकुर ऐकावी लागेल. भिंतीला मोठी खिडकी कापून ठेवा म्हणजे सामान इकडून तिकडे जातं आणि पंपाला हात पोचतो. आणि चार पायांवर उभी करू नका, ट्रेलरचं फ्लोअर बऱ्याचदा पातळ प्लाय आणि आत फोम असं सँडविच असतं, पायाखाली ते दबतं. खाली लांब फळी आडवी टाकून भार पसरवा.

कोल्हापुरी_फॅब्रिकेटर
आम्ही इथं टेम्पो ट्रॅव्हलरच्या व्हॅनमध्ये बेड करतो तेव्हा लाकडी पट्ट्यांच्या भानगडीत पडतच नाही, २५ बाय २५ मिलीमीटरचा चौकोनी पाइप वेल्ड करून फ्रेम टाकतो आणि वर मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा), आपले रस्ते बघता लाकडाचे स्क्रू टिकत नाहीत राव, तुम्ही पण फ्रेम करून घ्या एकदाच, विषय संपला.

लेकसाइड_भटक्या
भाऊ, व्हॅनसाठी अगदी बरोबर आहे, पण व्हॅनला पोलादी अंग असतं. इथल्या ट्रेलरच्या भिंती म्हणजे पातळ अ‍ॅल्युमिनियमचे किंवा लाकडाचे स्टड (भिंतीच्या आतले उभे खांब), मध्ये फोम आणि बाहेरून फायबरग्लासची कातडी. दोन मिलीमीटर जाडीच्या पत्र्याचा तो पाइप मीटरला जवळजवळ दीड किलो पडतो, पूर्ण फ्रेम केली की परत वजन तिथेच. आणि ट्रेलरच्या आत वेल्डिंग करायचंच नाही, फोम आणि पातळ प्लायला आग धरायला वेळ लागत नाही. धातूच हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा अँगल बोल्टने लावता येतो. तुमचा स्क्रूबद्दलचा मुद्दा मात्र मला पटतो, कोलंबसकर, जिथे जोड हलणार आहे तिथे, म्हणजे बिजागरी आणि स्ट्रटपाशी, आरपार बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नटच (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा) वापरा.

मिसिसॉगाची_मावशी
एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही ती म्हणजे ओल. अरे बाबा, माणूस रात्रभर श्वासातून आणि घामातून वाफ सोडतो, ती उबदार हवा गादीतून खाली उतरते आणि खालचं स्टोरेज बाहेरच्या पातळ दारामुळे गार पडलेलं असतं, मग गादी आणि प्लायच्या मध्ये पाणी धरतं आणि काळी बुरशी. जून असला तरी लेक सुपीरियरच्या काठाला रात्री गारठा असतो हो. आमच्याकडे ओळखीत एका ट्रेलरची गादी वरून स्वच्छ आणि खालून पूर्ण काळी निघाली होती, तिच्यावर सासूबाई झोपत होत्या, दम्याच्या पेशंट.

म्हणून मी तर म्हणते प्लाय नकोच, लाकडी पट्ट्यांचा बेड करा, १ बाय ४ च्या, मध्ये अडीच-तीन इंच जागा सोडून, त्याहून जास्त सोडलीत तर फोमची गादी मध्ये मध्ये दबते.

आणि ८० इंचाचं खूळ सोडून द्या. ७५ इंच म्हणजे सव्वासहा फूट, तुमचे बाबा पाच-दहा, त्यांना पुरून उरतंय. ती ५ इंचं तुम्ही चालायच्या जागेतून घेणार आणि रात्री बाथरूमला उठलेल्या आईंच्या नडगीला तो कोपरा लागणार, गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. तेवढीच मेहनत उंचीवर घ्या. गादी जाड असेल तर पातळ पण चांगली घट्ट घ्या, ६ इंची मिळते, आणि पायाशी एक रुंद पक्की पायरी करा, सरकणारं स्टूल ठेवू नका. भिंतीला हाताने धरायला हँडल लावा.

कोलंबसकर
मावशी, बाबांच्या उंचीचं गणित मी केलंच नव्हतं, ८० इंच कॅन्सल. पट्ट्या की प्लाय यावर मात्र अजून गोंधळ आहे. आणि स्ट्रटवर १०० आकडा छापलाय, नवीन कुठल्या घेऊ?

ह्यूस्टनकर
स्ट्रटचं मी सांगतो. छापलेला १०० बहुतेक पाउंडात आहे, काही कंपन्या न्यूटनमध्ये छापतात, तेव्हा १०० पाउंड म्हणजे साधारण ४४५ असं दिसेल, ऑर्डर करताना हे बघा. आधी नवीन फळी आणि नवीन गादी बसवा, मग उचलून बघा आणि त्यानंतरच स्ट्रट ठरवा, उगाच ताकदीचे घेऊ नका, कारण बेड बंद असताना स्ट्रट जवळजवळ आडवा असतो, तेव्हा तो वर उचलत नाही, फळीला आणि बिजागरीलाच जोरात ढकलत राहतो, तुमची भोकं त्यानेच मोठी झालीत. जिथे स्ट्रट लागतो तिथे फळीच्या खाली पाऊण इंची प्लायचा तुकडा ग्लूने चिकटवून त्यातून आरपार बोल्ट घ्या. लांबी आणि टोकांचं माप जुन्यासारखंच हवं. स्ट्रटची दांडी शक्यतो खालच्या बाजूला राहील असा लावा, सील तेलात राहतं आणि जास्त टिकतं. काम चालू असताना फळीला जाड दांडक्याचा टेकू द्याच, स्ट्रटच्या भरवशावर डोकं आत घालू नका. आणि जुन्या स्ट्रटला ड्रिल वगैरे अजिबात लावू नका, आत प्रचंड दाबाचा नायट्रोजन असतो.

लेकसाइड_भटक्या
ओलीबद्दल मावशींचं शंभर टक्के खरं आहे, माझ्या उत्तरात ते यायला हवं होतं. नुसत्या पट्ट्यांचा एकच प्रश्न, ही फळी उचलली जाते, आणि एका बाजूच्या स्ट्रटने जास्त जोर लावला की पट्ट्यांची चौकट तिरकी होते, प्लाय तिला काटकोनात धरून ठेवतो. म्हणून अर्धा इंची प्लायच ठेवा आणि त्यात दीड इंची होल-सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) भोकं पाडा, ६ इंचांवर एक, खालच्या १ बाय ३ पट्ट्यांच्या रेषा आणि कडा सोडून. गादीखाली हवा खेळायची जाळीदार मॅट मिळते ती घाला, ती आणि भोकं दोन्ही मिळून काम होतं.

मधली भिंत आणि मावशींनी सांगितलेलं हँडल लावताना स्क्रू स्टडमध्येच जायला हवेत, नुसत्या भिंतीच्या पातळ पॅनलमध्ये ते टिकत नाहीत आणि आईंनी हँडलला भार दिला की उपटून येतील. लाकडी स्टड असतील तर स्टेपलवर चुंबक चिकटतो त्यावरून ओळ सापडते, अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तिथे स्टड फाइंडर किंवा टकटक करून आवाजावरून. स्क्रूची लांबी मोजूनच घ्या, लांब झाला तर बाहेरची कातडी फोडेल आणि तिथून पावसाचं पाणी आत, वायरीही त्याच भिंतीतून जातात.

मिसिसॉगाची_मावशी
झालं की आई-बाबा यायच्या आधी एक रात्र तुम्ही दोघं घरासमोरच त्यात झोपून बघा, आणि सकाळी गादी उचलून खाली हात फिरवा, ओलसर लागली तर अजून थोडी भोकं पाडा. आणि पायरीची उंची आईंच्या गुडघ्याप्रमाणे ठरवायची असेल तर फोनवर त्यांना विचारा, घरातल्या कुठल्या पायरीवर त्या न धरता चढतात, तेवढंच माप घ्या.