‘सेट’ या एका शब्दासाठी आपण किती क्रियापदे सोडून देणार?

नौपाडाकर (ठाणे):
ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० हून अधिक अर्थ नोंदवले होते आणि ती एकच नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. इंग्रजीचे ते वैभव आहे. माझी तक्रार घरातल्या मराठीबद्दल आहे. आमच्याकडे लादीचे काम चालू असताना गवंडी म्हणाला, ‘माल सेट होऊ द्या’, त्याच सकाळी भाची म्हणाली, ‘दही सेट झालं नाही’, आणि संध्याकाळी कळले की पुतण्या नव्या नोकरीत ‘सेट झाला’. माल पकड धरतो, दही लागते, माणसाचा जम बसतो. या तीन निराळ्या क्रियांना एकच परका शब्द पुरतो, हे मला दारिद्र्य वाटते.

घणसोलीकर (नवी मुंबई):
आपले म्हणणे मला पटत नाही. दही ‘लागते’ हे आपणच लिहिले आहे. पण भूक, आग, निकाल आणि डोळाही लागतोच. ठाण्याच्या फलाटाला गाडी लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते, तरी कोणाचाही घोटाळा होत नाही, कारण अर्थ सोबतचे शब्द सांगतात. जे ‘लागणे’ला शोभते ते ‘सेट’ला का शोभू नये?

वाशीकर:
मुळात ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे, म्हणजे शब्दशः ‘बसवणे’. आपणही गणपती बसवतो, नळ बसवतो, नाटक बसवतो, त्यामुळे दोन्ही भाषांनी एकाच कल्पनेतून अर्थ वाढवले, असे म्हणता येते. कपबश्यांचा ‘सेट’ मात्र लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आला, गणितात त्याला आपण ‘संच’ म्हणतो आणि तो शब्द उत्तम रुजला आहे.

नौपाडाकर:
‘बसवणे’चा मुद्दा मोलाचा आहे आणि एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा दोष नव्हे, हेही मी मान्य करतो. परंतु घणसोलीकर, ‘लागणे’ने ‘जडणे’ किंवा ‘भिडणे’ यांना हाकलले नाही. काल भाचीला मी ‘विरजण लागलं का?’ असे विचारले, तेव्हा तिने काळजीने विचारले, ‘कोणाला लागलं?’ ती बारा वर्षांची आहे आणि घरात मराठीच बोलते.