मदत हवी: राणीछाप रुपयावरचे ठिपके मोजायचेत, दिसतात मात्र मायक्रोस्कोपचेच आठ दिवे

सेतूवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. आजीच्या हमेलीतले (नाण्यांच्या हारातले) सहा राणीछाप रुपये वाटणीत आईकडे आले. त्यातल्या चारांवर साल १८६२ आहे. हे साल टाकसाळींनी पुढे बरीच वर्षं बदललंच नाही आणि मुंबईच्या रुपयांवर सालाखाली बारीक ठिपके टाकत गेले, असं वाचलं. तेव्हापासून घरात तोच विषय. एका रुपयावर मला दोन ठिपके दिसतात, आई म्हणते तीन, शेजारचे काका म्हणतात मळ आहे, चिंच लावून घासा.

वाद मिटवायला ऑनलाइन स्वस्तातला यूएसबी मायक्रोस्कोप मागवला. खोक्यावर १६००एक्स लिहिलंय. लेन्सभोवती आठ बारके एलईडी, वायरवर त्यांचा उजेड कमीजास्त करायचं चाक, आणि एक स्टँड, जो मायक्रोस्कोप लावला की हळूहळू मान टाकतो.

अडचण अशी की चांदी चमकते. ठिपके मोजायला जावं तर रुपयावर त्या आठ दिव्यांचेच आठ पांढरे ठिपके गोल रिंगण करून बसतात. उजेड कमी केला की सगळंच काळं. दुसरं, अख्खा रुपया चित्रात मावतच नाही, राणीचं नाक तेवढं येतं. तिसरं, मायक्रोस्कोपवरचं फोटोचं बटण दाबलं की फोटो हलतो. चित्र अडकत अडकत येतं ते वेगळंच. माझं सेवा केंद्र असल्याने प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि हे, सगळं एकाच हबवर आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हाच हा उद्योग चालतो, आणि नेमकी तेव्हाच लाईन जाते.

वस्तू परत करू, की माझंच काही चुकतंय?

नाणेवेडा_अकोला

आधी काकांना थांबवा. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही लावायचं नाही. घासलेल्या चांदीवर जे बारीक ओरखडे उठतात ते कायमचे. जाणकार माणूस तो रुपया हातात घेतो आणि लगेच खाली ठेवतो.

आता मायक्रोस्कोप. परत करू नका, याच किमतीत दुसरा घेतला तरी असाच येईल. १६०० वगैरे विसरा. तोच फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला की नाणं आणखी मोठं दिसणारच, त्या आकड्याला तसा अर्थ नाही. रुपयाशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून एक फोटो काढून ठेवा, खरं माप त्यातून कळतं. सॉफ्टवेअरमध्ये फोटोचा मोठा आकार निवडला म्हणून तपशील वाढतोच असं नाही. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत सेन्सर ६४० बाय ४८० चाच असतो, पुढचं सगळं ताणलेलं.

हबवरून काढून थेट लॅपटॉपला लावा, अडकणं बहुतेक तिथंच थांबेल. फोटो कीबोर्डवरून घ्या, मायक्रोस्कोपला हातच लावू नका. अख्खा रुपया साधारण साडेतीस मिलिमीटरचा, तो मोबाइलनेच काढा, उगाच झटू नका. मायक्रोस्कोप फक्त सालासाठी.

उजेडाचं मात्र नीट ऐका. ते आठही दिवे चाक फिरवून पूर्ण बंद करा. टेबललॅम्प किंवा टॉर्च घ्या, पुढे बटर पेपर धरा आणि रुपयाच्या एका बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून, तिरपा उजेड पाडा. मग उजेड जागेवर ठेवून रुपया हळूहळू फिरवा. ठिपका उठावाचा असेल तर त्याची सावली उजेडाच्या पलीकडे पडते आणि रुपया कसाही फिरवला तरी ती पलीकडेच राहते. खड्डा असेल तर उलट, उजेडाकडची कड काळी आणि पलीकडची चमकते. सपाट डागाला सावलीच नसते. आधी खिशातल्या नाण्यावर हात बसवा. सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर टाकसाळ मुंबईची, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

पांढरंसोनं

भाऊ, बटर पेपर नसन तं चहाचा पांढरा प्लास्टिकचा कप घ्या, बूड कापा आणि नाण्यावर उपडा ठेवा. वरून मायक्रोस्कोप, बाजूनं टॉर्च. सगळीकून सारखा उजेड येते, चमक मरते. पण ठिपके मोजाले हे कामाचं नाही, सावलीच राहत नाही. राणीचा मुकुट, झग्याची नक्षी अशा फोटोले झकास. स्टँडले रबर गुंडाळा दोन वेढे, मान टाकणं बंद.

अन् एक सांगतो, खरा-खोटा पाहाचा असन तं आधी सोनाराच्या काट्यावर ठेवा. रुपया ११.६६ ग्रॅमचा, जुना तोळा म्हणजे तेवढाच. झिजलेला थोडा कमी भरन. हमेलीतला असन तं कडीचा डाख वजनात धरा. ओतीव नकली नाण्यावर बुडबुड्याचे बारके गोल खड्डे दिसतात, ते तुमच्या मशीनमधी चांगले दिसतीन.

सेतूवाला_दारव्हा

दोघांचेही आभार. हब काढल्याबरोबर चित्र सुरळीत झालं, हे मला आधी सुचायला हवं होतं, दिवसभर लोकांना तेच सांगतो. बटर पेपर मिठाईच्या डब्यातून मिळाला. टॉर्च स्टीलच्या डब्याला टेकवून आडवा ठेवला, सगळे दिवे बंद, आणि सालाखाली पहिल्यांदाच काहीतरी उभं राहिलेलं दिसलं. दोन फुगीर ठिपके, दोघांच्या सावल्या एकाच बाजूला, बाजरीच्या दाण्याला पडावी तशा. आईचा तिसरा ठिपका त्यांच्याच ओळीत होता, पण त्याची काळी कड टॉर्चकडे. रुपया अर्धा फिरवला, तरी काळी कड टॉर्चकडेच. म्हणजे खड्डा. बाजूला दुसरा कुठलाच खड्डा नाही, तेव्हा ओतीव नसावा. वजन उद्या सोनाराकडे.

दुसऱ्या रुपयावर ठिपकाच नाही. तिसऱ्यावर सालाचा शेवटचा आकडाच झिजलाय, तिथं टॉर्च कितीही खाली नेला तरी सावली धरत नाही. अशा झिजलेल्यावर कुणी काही केलंय का?

आईला स्क्रीनवर दाखवलं. ती अजून तीनच म्हणते. चौथा लावणार तेवढ्यात लाईन गेली, हे मोबाइलवरून लिहितोय.